आठ नंबरचे दोघे

खॉर चीहेंगचं लग्न अजून ठरलं नव्हतं, पण त्याच्या लग्नाचा हॉल दीड वर्षापूर्वीच ठरून बसला होता. ही उलटी गंगा वाहवली होती सॉ गाइक चू या बाईनं. आठ ऑगस्ट अठ्ठ्याऐंशी, म्हणजे आठ, आठ, आठ, आठ. चिन्यांत आठ म्हणजे भरभराट, आणि असा दिवस आयुष्यात पुन्हा येणार नाही हे मलेशियातल्या अख्ख्या पिनांगला ठाऊक होतं, आणि त्या संध्याकाळसाठी बेटावरचा एकूण एक हॉल लोकांनी आधीच अडवून ठेवला होता. गाइक चूनं बर्मा रोडवरच्या रेस्टॉरंटचा वरचा मजला आपल्या मुलीच्या नावानं अडवला, तेव्हा मुलगी कॉलेजात होती आणि तिनं कुणा मुलाकडे मान वर करून पाहिलंही नव्हतं. नवऱ्यानं भीत भीत विचारलं, की नवरदेवाचं काय. बाईचं उत्तर तयार होतं. नवरदेव मिळतो, तारीख मिळत नाही.

पुढे पोह सुआनला, म्हणजे त्या मुलीला, चीहेंग आवडला. आता आली पंचाईत. चीहेंग इंजिनियर होता, हुशार होता, दिसायलाही बरा होता, पण बायान लेपासच्या ज्या कारखान्यात तो कामाला होता तिथे तो कंत्राटी होता. आणि त्याच कारखान्यात, त्याच टेस्टिंगच्या विभागात, गाइक चू वीस वर्षं सुपरवायझर होती. त्यामुळे होणाऱ्या जावयाची ऐपत तिला पगाराच्या चिठ्ठीसकट पाठ होती.

तिची अट सरळ होती. जूनच्या पहिल्या शनिवारी हॉलवाल्याला नवरा-नवरीची नावं कळवायची आहेत. त्याआधी चीहेंगला कायम केल्याचं कंपनीनं सांगितलं, तर त्याचं नाव. नाहीतर हॉल बटरवर्थच्या भाचीला. त्या भाचीचा होणारा नवरा सोनार होता आणि नवस करून हॉल मोकळा व्हायची वाट बघत होता. पोह सुआननं थोडं रडून पाहिलं. पण गाइक चूच्या पुढे रडून काही होत असतं, तर टेस्टिंग विभागात रोज महापूर आला असता.

कायम होणं अडलं होतं एका गोष्टीवर. चीहेंगनं वर्षभर खपून एक टेस्ट स्टेशन उभं केलं होतं. आजवर रेडिओच्या सर्किटच्या पट्ट्या बायका हातानं तपासायच्या. एकजण मीटर बघायची, दुसरी बटण फिरवायची, तिसरी लिहायची. चीहेंगनं सगळी यंत्रं एका कपाटात रचली आणि एकाच जाड केबलनं जोडली, याच्या पाठीतून त्याच्या पाठीत, त्याच्या पाठीतून पुढच्याच्या. केबलच्या टोकाला टेबलावर कंट्रोलर, म्हणजे एक छोटा कॉम्प्युटर. तो हुकूम सोडणार आणि यंत्रं निमूटपणे ऐकणार. मुख्य कचेरीतून हॅल्व्हरसन नावाचे साहेब मेअखेरच्या शुक्रवारी हे स्टेशन बघायला यायचे होते. त्यांनी मान डोलावली, की चीहेंग कायम.

चीहेंगला या केबलचं एवढं वेड, की कॅन्टीनमध्ये कोपी-ओचा, म्हणजे काळ्या कॉफीचा, कप हातात आला की कुणालाही धरून समजावायला बसायचा. एकदा समोर गाइक चू होती, आणि तिच्या शेजारी रोगायाह, विभागातली सगळ्यात जुनी मलय बाई, जिला सगळे कक याह म्हणत.

"केबल एकच," चीहेंग म्हणाला, "त्यामुळे कंट्रोलरचं बोलणं सगळ्यांच्या कानावर जातं. पण प्रत्येकाला नंबर आहे. ज्याचा नंबर पुकारला तोच कामाला लागतो, बाकीचे गप्प. एका वेळी बोलणार एकच. आणि आंटी, खरी गंमत पुढे आहे. कंट्रोलर एक अक्षर टाकतो आणि थांबतो. ऐकायला बसवलेल्यांत सगळ्यात मंद जो असेल, तोही 'घेतलं' म्हणाला, की मगच पुढचं अक्षर."

"म्हणजे आमच्या घरासारखंच की," गाइक चू म्हणाली. "फक्त आमच्याकडे 'घेतलं' कुणी म्हणत नाही. नुसतं हो-हो म्हणतात आणि पेपर वाचतात."

"आ-ची, तुम्ही एका वेळी एकाला कधी बोलता?" गाइक चूला आ-ची, म्हणजे ताई, म्हणणाऱ्या कक याहनं विचारलं. "तुमचा नंबर सगळ्यांनाच लागतो."

गाइक चूनं तिच्याकडे लक्ष दिलं नाही. तिनं विचारलं, की हे नंबर असतात कुठे. चीहेंगला हुरूप आला. त्यानं तिला कपाटामागे नेलं आणि दाखवलं. प्रत्येक यंत्राच्या पाठीवर तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी बटणं ओळीनं असतात. पहिलं एकाचं, दुसरं दोनाचं, तिसरं चाराचं, चौथं आठाचं. जी वर केली त्यांची बेरीज म्हणजे नंबर. बॉलपेनच्या टोकानं वर-खाली करायची. फक्त यंत्र एकदा बंद करून चालू केल्याशिवाय त्याला नवा नंबर समजत नाही. गाइक चूनं हे सगळं एका शब्दानंही न अडवता ऐकून घेतलं. हे तिच्या स्वभावाला धरून नव्हतं. चीहेंगनं तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

एप्रिलात स्टेशन पुरं झालं आणि गाइक चूनं मुहूर्ताची पूजा ठेवली. मुसलमान मलय बायका बरोबरीनं काम करणाऱ्या, त्यामुळे भाजलेलं डुक्कर वगैरे काही नाही. संत्री, उदबत्त्या आणि हुआत कुए, म्हणजे वर फुललेले गुलाबी वाफवलेले केक. पूजा मांडता मांडता तिची नजर यंत्रांवर गेली. चीहेंगनं प्रत्येकावर सुबक अक्षरात नंबराचं स्टिकर लावलं होतं. प्लॉटरवर, म्हणजे पेन धरून कागदावर आलेख काढणाऱ्या यंत्रावर, चार होता.

विभागात कुठेच चार नव्हता. टेबलं एक, दोन, तीन, तीन-ए, पाच अशी होती. कपाटांचं तेच, चहाच्या कपांचं तेच. चिनी बोलीत चार आणि मरण यांचा उच्चार जवळपास एकच; चार म्हणजे मरण, यात तिला चर्चा करण्यासारखं काही वाटत नसे. तिनं चीहेंगला बाजूला घेतलं.

"हा चार काढ."

"आंटी, तो नुसता आकडा आहे."

"आठ ऑगस्टसुद्धा नुसता आकडाच आहे. मग तुला काय, कुठल्याही दिवशी चालेल?"

चीहेंग म्हणाला, हो आंटी, काढतो. आणि त्यानं काय केलं, तर चाराच्या स्टिकरवर दुसरं स्टिकर चिकटवलं, तीन-ए. मागची बटणं तशीच ठेवली, कारण ती बदलायची तर प्रोग्रॅममध्येही सगळीकडे बदलावं लागणार होतं आणि त्याला कंटाळा आला होता. यंत्राला कुठे मरणाची भीती आहे, असं त्यानं स्वतःला समजावलं. आंटी खूश, यंत्र खूश. गाइक चू ते स्टिकर बघत उभी राहिली आणि तिनं एवढंच विचारलं, की खरा नंबर मागे असतो ना. चीहेंग तेव्हा कुएचा कागद सोडवत होता. तो हो म्हणाला.

त्यानंतर महिनाभर स्टेशन झकास चाललं. रात्रंदिवस चालू, बंद करायची वेळच आली नाही. पट्टी लावली, की पॉवर सप्लाय वीज सोडी, मीटर मोजी आणि शेवटी प्लॉटर एक देखणा आलेख काढून देई. मॅनेजर मिस्टर वेलू येता-जाता चीहेंगच्या पाठीवर थाप मारू लागले.

मग मेच्या मध्याला रायाची, म्हणजे ईदची, सुटी आली. मलय मंडळी गावाला गेली, कारखाना चार दिवस बंद राहिला आणि सगळ्या यंत्रांची वीज पहिल्यांदाच काढली गेली. सुटी संपली, कक याह अननसाच्या बिस्किटांचे डबे घेऊन परतली, चीहेंगनं वीज चालू केली आणि पहिली पट्टी लावली.

पॉवर सप्लायला हुकूम गेला आणि प्लॉटरचं पेन खाली आलं.

आता या वेळी प्लॉटरचा काही संबंध नव्हता. त्याची पाळी सगळ्यात शेवटी. पण पेन खाली आलं, तिरकं सरकलं, थबकलं, एक गोल मारला आणि पुन्हा वर गेलं. पुढचा हुकूम गेला, पुन्हा खाली. शिवाय एरवी झरझर चालणारं स्टेशन म्हाताऱ्यासारखं पाय ओढत चालायला लागलं. आणि शेवटी आलेख काढायची वेळ आली तेव्हा प्लॉटर ढिम्म बसून राहिला. कंट्रोलरच्या पडद्यावर ओळ उमटली: प्लॉटर तयार नाही, कागद तपासा.

ही ओळ चीहेंगनंच लिहिलेली होती. प्लॉटर एकाच गोष्टीसाठी अडणार, कागद संपला म्हणून, असं त्यानं धरलं होतं. तेव्हा त्यानं कागद तपासला. मग कागद बदलला. मग पेन बदललं. मग दुसऱ्या गिरणीचा कागद मागवला. सगळा दिवस विभागातली जाणती माणसं एकेक करून आली आणि कागद तपासून गेली. प्लॉटरचा नंबर बघावा असं त्याच्या मनात आलं नाही, कारण तो त्यानं स्वतःच्या हातानं घातला होता, आणि माणूस दुसऱ्याच्या कामावर संशय घेतो तसा स्वतःच्या कामावर घेत नाही.

इकडे त्या रेघोट्यांचा कागद टोपलीत गेला होता तो कक याहनं बाहेर काढला. उजेडात धरला, तिरका केला.

"आ-ची, हा सात आहे बघा. आणि हे दोन शून्य."

"सात नाही, एक," गाइक चू म्हणाली. "आणि हा शेवटचा तीन."

पिनांगच्या लोकांना हे शिकवावं लागत नाही. रस्त्यात गाडी धडकली, तर जखमींना उचलायच्या आधी दोघंतिघं गाडीचा नंबर टिपून घेतात आणि शनिवारच्या चार आकडी सोडतीत लावतात. इथे तर यंत्र आपण होऊन चार-चार आकडे कागदावर काढत होतं. देवळात अंगात आलेला माणूस वाळूत काठीनं लिहितो तसंच, असं कुणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांना पटलं. शनिवारी साऱ्या विभागानं तो आकडा लावला, काहींनी साताचा, काहींनी एकाचा. साताला शेवटच्या बक्षिसांतलं एक लागलं.

सोमवारी चीहेंग कामावर आला तेव्हा प्लॉटरसमोर संत्र्यांची उतरंड होती. दोन्ही बाजूंना उदबत्त्या, पुढे कोपी-ओचा कप, कारण यंत्र काळं म्हणून त्याला काळी कॉफी आवडेल असा कुणाचा तरी अंदाज. दुसऱ्या विभागातले फोर्कलिफ्टवाले रांगेत उभे होते. चीहेंगनं स्क्रूड्रायव्हर हातात घेतला तर कक याहनं त्याचा हात धरला आणि समजुतीनं सांगितलं, की बाबा, एवढा शनिवार जाऊ दे, मग कर काय करायचं ते.

"शुक्रवारी साहेब येणार आहेत," चीहेंग म्हणाला. "माझं लग्न अडकलंय यात."

"मग तूही लाव ना आकडा. लग्नाला उपयोगी पडेल."

तो तक्रार घेऊन मिस्टर वेलूंकडे गेला. मिस्टर वेलूंनी सगळं शांतपणे ऐकलं, हे फार गंभीर आहे असं म्हणाले, पाहणी करायला खाली आले, चष्मा लावून कागदावर वाकले आणि पाहणी संपवून जाताना खिशातल्या चिठ्ठीवर काहीतरी लिहून घेऊन गेले. चीहेंगला कळून चुकलं, की या कारखान्यात स्टेशन दुरुस्त व्हावं अशी इच्छा असलेला माणूस एकटा तोच आहे.

गाइक चू मात्र त्या आठवड्यात गप्प गप्प होती. रांगेवर ओरडत नव्हती, आकडेही वाचत नव्हती. चीहेंगला वाटलं, ही आता मनातल्या मनात हॉल सोनाराला देऊन मोकळी झाली. एका संध्याकाळी तो पोह सुआनला घेऊन समुद्रावर बसला आणि सांगून टाकलं, की तुझ्या आईला मी आवडत नाही. पोह सुआन म्हणाली, तिला कोणीच आवडत नाही, त्याची सवय कर, पण यंत्र कर नीट. तिच्या आवाजात रडू होतं आणि चीहेंगला ते ऐकवलं नाही.

शुक्रवार उजाडला. हॅल्व्हरसन साहेब उंच, लालबुंद आणि घामानं निथळलेले होते. मिस्टर वेलूंनी त्यांना स्टेशनासमोर आणलं. विभागातल्या सगळ्या बायका आपापलं काम सोडून मागे उभ्या. चीहेंगनं संत्री काढायला सांगितली होती, पण देवापुढचा नैवेद्य मध्येच उचलायला कुणी धजलं नव्हतं. त्यानं पट्टी लावली आणि कंट्रोलरला सुरू केलं.

व्हायचं तेच झालं. सप्लायला हुकूम, प्लॉटरचं पेन खाली. एक तिरकी रेघ, एक गोल. पाय ओढत पुढचा हुकूम. मागून कुणीतरी हलकेच म्हणालं, पाच. मिस्टर वेलू खोकले. साहेबांनी भिवया उंचावल्या. आठ ऑगस्ट, हॉल आणि पोह सुआन हे सगळं त्याला त्या सोनाराच्या दुकानाच्या काचेमागे दिसायला लागलं.

साहेबांना उकडत होतं, तहान लागली होती आणि समोर संत्री मांडलेली होती. पाहुण्यांसाठीच ठेवलीयत असं समजून त्यांनी सगळ्यात वरचं संत्रं उचललं, "किती छान पद्धत आहे तुमची" असं म्हणाले आणि सोलायला लागले. मागून बायकांचा श्वास अडकल्याचा आवाज आला. कक याहनं डोळे मिटून घेतले.

पण चीहेंगचे डोळे उघडे होते. ते संत्रं गेलं त्या जागी, प्लॉटरच्या पुढच्या बाजूला, एक बारीक हिरवा दिवा दिसत होता. यंत्राचा नंबर पुकारला, की त्याचा दिवा लागतो. हे चीहेंगला माहीत होतं, पण आठवडाभर त्या दिव्यावर देवाची संत्री होती. आता सप्लायला हुकूम गेला. सप्लायचा दिवा लागला. आणि त्याच क्षणी प्लॉटरचाही लागला. दोन्ही बरोबर लागले, दोन्ही बरोबर विझले.

"हे दोघं एकाच नंबरला उठताहेत," चीहेंग म्हणाला.

तो कपाटामागे गेला. प्लॉटरच्या पाठीवरची बटणं बघितली. चाराचं खाली होतं आणि त्याच्या शेजारचं, आठाचं, वर. पॉवर सप्लायचा नंबर आठ होता, पहिल्यापासून. आठाला दिलेला हुकूम दोघेही आपलाच समजत होते. सप्लाय वीज सोडत होता आणि प्लॉटर बिचारा व्होल्टचे आकडे कागदावरच्या जागा समजून पेन घेऊन धावत होता. मंद ऐकणारा तो, त्याचं पेन पोहोचेपर्यंत सगळ्या केबलला थांबावं लागत होतं. आणि खुद्द चाराला हाक मारली, की चार नंबरला घरात कोणीच नाही. कागद मात्र अगदी व्यवस्थित होता.

चार खाली, आठ वर. हे कुणी केलं असेल याचा विचार करायला चीहेंगला एक श्वासही लागला नाही. त्यानं कपाटाच्या फटीतून पाहिलं. गाइक चू ताठ उभी होती, पण तिचा चेहरा पांढरा पडला होता. वीस वर्षांची नोकरी, आणि मुख्य कचेरीचा साहेब तीन हातांवर संत्रं खात उभा. चीहेंग बाहेर आला आणि प्लॉटरचा नंबर बदलला गेलाय, एवढंच म्हणाला.

मिस्टर वेलूंनी विचारलं, की नंबर बदलला कुणी.

"मीच," चीहेंग म्हणाला. "माझ्या हातून घोटाळा झाला. एक स्टिकर चुकीचं लावलं मी."

"काहीतरी बोलू नकोस," गाइक चू म्हणाली.

ती पुढे आली. ब्लाउजच्या खिशातून तिनं बॉलपेन काढलं आणि मिस्टर वेलूंच्या समोर धरलं, जसं काही ते हत्यार होतं.

"मी बदलला. पूजेच्या दिवशी. याला म्हटलं चार काढ, तर यानं वर कागद चिकटवला. मला काय वाचता येत नाही? खरा नंबर मागे असतो हे यानंच शिकवलं. मग मी मागे जाऊन आठ दिला. चांगला आकडा दिला. सप्लायचा आठ आहे हे मला दिसत होतं. म्हटलं, दोघांना आठ, दुप्पट बरकत."

मग ती चीहेंगकडे वळली आणि तिचा आवाज खाली आला.

"हे सगळं सुरू झालं तेव्हाच मला शंका आली. सांगायला जीभ रेटली नाही. रोज तुझा चेहरा बघत होते आणि जेवण जात नव्हतं."

चीहेंगला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. आंटी, काढतो, असं तो म्हणाला होता. काढला नव्हता. 'घेतलं' म्हटल्याशिवाय पुढचं अक्षर जात नाही, असं सगळ्या कॅन्टीनला शिकवणारा तो, आणि स्वतः खोटंच 'घेतलं' म्हणून मोकळा झाला होता.

"चूक माझीही आहे, आंटी. तुमच्या तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून स्टिकर लावलं."

"मग आता म्हण तोंडावर. काय करणार आहेस?"

"चार नाही घालत. पण आठही नाही. आठ एकाचा झाला, तो त्याचा. प्लॉटरला नऊ."

गाइक चूनं थोडा वेळ नवाचा विचार केला. नऊ टिकाऊ आकडा, त्यात खोट काढता येईना. तिनं आपलं बॉलपेन त्याच्या हातात दिलं. चीहेंगनं मागची बटणं बदलली, पुढची दोन्ही स्टिकरं नखानं खरवडून काढली, नऊ लिहिला आणि ज्याचा त्याला एप्रिलात कंटाळा आला होता तो प्रोग्रॅममधला बदल सगळ्यांच्या देखत केला. यंत्र बंद करून चालू केलं. पट्टी लावली. सप्लायचा दिवा लागला, एकटा. मीटरचा लागला, एकटा. आणि शेवटी प्लॉटरनं पेन खाली टेकवलं आणि एक सुंदर, शहाणा आलेख काढला, ज्यात एकही आकडा वाचता येत नव्हता. बायकांच्या घोळक्यातून एक सुस्कारा निघाला, तो आनंदाचाच होता असं म्हणता येणार नाही.

साहेबांनी हात पुसले. ते म्हणाले, की आमच्या मुख्य कचेरीच्या इमारतीत तेरावा मजला नाही, बाराच्या वर थेट चौदा, आणि तिथे लिफ्ट दर महिन्याला अडकते. त्यांनी चीहेंगशी हस्तांदोलन केलं. जाताना रेघोट्यांचा तो शेवटचा कागद त्यांनी घडी घालून खिशात टाकला. मिस्टर वेलू त्याकडे फार हळहळून बघत राहिले. पण दुपारी त्यांनी चीहेंगला बोलावून सांगितलं, की तू कायम, पत्र सोमवारी घेऊन जा.

विभागात टाळ्या पडल्या. गाइक चूनं भिंतीवरचा फोन उचलला आणि तिथूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, बर्मा रोडच्या रेस्टॉरंटला लावला. नावं पुढच्या शनिवारी कशाला, आजच सांगते. नवरा खॉर चीहेंग, कायम इंजिनियर. तिनं हे दोनदा सांगितलं. मग ती ऐकत राहिली. मग तिचा आवाज चढला.

"दुसरं लग्न म्हणजे? वरचाच मजला? त्याच संध्याकाळी? अहो, पण एकाच नंबरावर दोघांना कसं काय..."

ती तिथेच थांबली. सगळा विभाग तिच्याकडे बघत होता. कक याहनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात खुपसलं आणि टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकली. रेस्टॉरंटवाल्याचा आवाज फोनमधून बारीक बारीक येत होता. त्यालाही आठाची तारीख फार आवडली होती, आणि त्यानं ती मागेल त्याला दिली होती. मध्ये पडदा लावू, दोन्ही लग्नं बसतील, असं तो म्हणत होता.

गाइक चूनं फोनवर हात ठेवला. दीड वर्ष सांभाळलेली तारीख होती ती. तिनं चीहेंगकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात हुकूम नव्हता, हे चीहेंगनं पहिल्यांदाच बघितलं.

तो पुढे गेला.

"आंटी, पडदा नको. पडदा म्हणजे पुन्हा स्टिकरच. एक माइक, दोन नवरदेव, नाव पुकारलं की कोण उठणार? आठ त्यांना देऊन टाका. आपण नऊ तारीख घेऊ."

"मंगळवार येतो."

"येऊ दे."

"लोक म्हणतील, हिला आठ मिळाला नाही."

"म्हणू देत. आंटी, मी नाही म्हणतोय. तोंडावर."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते आठासाठी की आणखी कशासाठी, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

"घेतलं," ती म्हणाली, आणि फोनवरचा हात काढला.

नऊ ऑगस्टला लग्न झालं. हॉलवर आदल्या रात्री एका वेळी तीन वराती जिन्यात अडकल्या होत्या असं वेटर सांगत होते, आणि ते ऐकताना गाइक चूनं बदकाचा तुकडा दोनदा वाढून घेतला. टेबलांवरच्या नंबरांच्या पुठ्ठ्याच्या पाट्या तिनं स्वतः लिहिल्या होत्या. चीहेंग वाइनचा पेला घेऊन पोह सुआनबरोबर टेबलाटेबलाशी जात होता. एक, दोन, तीन. पुढच्या टेबलाशी तो अडखळला, कारण पाटीवर सरळ चार लिहिलेला होता. त्यानं सवयीनं नखानं कोपरा खरवडून पाहिला. खाली दुसरं काही नव्हतं.

त्या टेबलावर बसायला कुणी तयार झालं नव्हतं. नऊ खुर्च्या रिकाम्या होत्या. दहाव्या खुर्चीवर नवरीची आई ताठ बसून एकटीच सूप पीत होती.

"मा, इथे का बसलात?" चीहेंगनं विचारलं.

"मागे चारच आहे ना," ती म्हणाली, "मग पुढे तीन-ए कशाला? बस."

चीहेंग आणि पोह सुआन तिच्या दोन्ही बाजूंना बसले.